मुक्या पक्ष्याची नोंद

१९ मार्च

बेल पुन्हा बंद. पाणीखात्याचा शिपाई म्हणे दहा मिनिटं दाराशी उभा होता. मी पुढच्याच खोलीत वही घेऊन बसले होते. शेवटी त्याने दार बडवलं तेव्हा उठले. "केव्हाची बेल वाजवतोय," म्हणाला. "वाजली असती तर आले नसते का?" मी म्हटलं. त्याने माझ्यासमोर पुन्हा बटण दाबलं आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही ती मीच मोडली. ही चिमणीसारखी चिवचिवणारी बेल ह्यांनी हौसेने आणली तेव्हाच मी सांगितलं होतं की टिकायची नाही.

पत्र इंजिनिअरसाहेबांचं. गाळणीघरामागच्या झाडीतले उत्तरेकडचे चार जुने आंबे तोडून तिथे नवी टाकी बांधायची आहे. आंब्यांवर घरटी असतील तर पिल्लं उडेपर्यंत काम थांबवू आणि टाकी दक्षिणेच्या मोकळ्या जागेत सरकते का तेही बघू. पक्षी-गटाची वही काय सांगते ते दहा एप्रिलपर्यंत कळवावे, तोड सतराला सुरू होईल. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, "तुमच्या वहीत जे असेल ते आम्हाला मान्य."

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. एकोणीस वर्षं गटाची वही माझ्याकडे आहे. त्या वहीत "बहुधा", "असावा", "वाटतं" हे शब्द नाहीत. पक्षी दिसला आणि ऐकू आला, दोन्ही झालं तर पक्की नोंद. दोन माणसं हवीत, त्यातली एक मी. बारके मळकट पक्षी नुसते बघून पाच जण पाच नावं सांगतात. आवाज खोटं बोलत नाही. चौतीस वर्षं टेलिफोन ऑफिसात कानाला यंत्र लावून बसले, "हॅलो" म्हणायच्या आत माणूस ओळखायचे. पाखरं त्या मानाने सोपी.

ते आंबे मला फार आवडतात. पण आवडतात म्हणून वहीत पक्षी घालता येत नाहीत.

२१ मार्च

सकाळी सहाला झाडीत. दोन तास उभी होते आणि चिडून परत आले.

कोकीळ घसा फुटेस्तोवर ओरडतोय. तांबटाचं टुक टुक चालू. भारद्वाज दोन. बुलबुल आहेत. दयाळ गायला, पण अर्धवट. मधेच थांबतो, पुन्हा धरतो, पुन्हा थांबतो. पूर्वीचा दयाळ कसं सलग गायचा.

बारक्या पक्ष्यांचं मात्र वाटोळं झालंय. फुलटोच्या जाऊन चार वर्षं झाली. चष्मेवाला तीन. शिंजीर गेल्या वर्षीपर्यंत होता, यंदा नाही. गाळणीघरात डासांसाठी औषध फवारतात, दुसरं काय? मी तीन तक्रारी केल्या. तिन्ही वेळा उत्तर आलं, "फवारणी केली जात नाही." करतो म्हणून कोण कबूल करेल?

उत्तरेकडच्या दुसऱ्या आंब्यावर बांडगूळ फार माजलंय. त्याच्या फळांवर एक बारका पक्षी. अंगठ्याएवढा, मळकट, आखूड शेपटीचा. दहा मिनिटं दुर्बीण लावून बघितला, चकार शब्द नाही. मुका. बहुधा शिंजीराची मादी. नोंद नाही. (हा "बहुधा" इथे चालेल, ही माझी दैनंदिनी आहे.)

एक चांगलं झालं. गाळणीघराच्या फाटकाला कुणीतरी तेल घातलंय. पूर्वी केवढं किंचाळायचं.

२३ मार्च

दातवाल्या डॉक्टरांचा फोन. गटात येऊन माणसाला जेमतेम दीड वर्ष झालं, पण रोज सकाळी झाडीत आणि रोज काहीतरी सापडलेलं. कानामागून आला आणि तिखट झाला.

"ताई, फुलटोच्या आहे. दुसऱ्या आंब्यावर. जोडी आहे, येजा करतायत. घरटंच असणार."

"पाहिलंत?"

"पाहिला, ऐकला. सारखा ओरडतोय हो, कान किटले."

मी म्हटलं, "परवा मी त्याच झाडाखाली होते. तिथे फुलटोच्या नाही."

मग ते म्हणाले, "बरं. सोबत जाऊ या का?"

शुक्रवारी सकाळी ठरलं. चार वर्षं नसलेला पक्षी, आंबे तोडायचे ठरल्यावर बरोब्बर त्याच आंब्यावर येतो. मला काय ते कळत नाही असं नाही.

२४ मार्च

ह्यांना कणकण. ताप मोजायचं यंत्र बिघडलंय, झाल्यावर वाजतच नाही. दुकानदाराने बदलून दिलं तेही तसलंच. "काढ आता, वाजलं," हे म्हणाले. तापात माणूस काहीही बोलतो. शंभर होता.

२७ मार्च

आज फार मनस्ताप झाला. सविस्तर लिहिते म्हणजे डोकं शांत होईल.

सव्वासहाला दुसऱ्या आंब्याखाली. डॉक्टर पांढरे बूट घालून आले होते, पक्षी बघायला पांढरे बूट! मी काही बोलले नाही. पाच मिनिटांत त्यांनी बोट वर केलं.

"ऐका."

मी ऐकलं. कोकीळ, लांब. पंपाची घरघर.

"आत्ता. हा बघा, पुन्हा."

"कुठे?"

"हे काय ताई, डोक्यावर. चिक्... चिक् चिक् चिक्."

त्यांनी तोंडाने काढलेला आवाज मला स्वच्छ ऐकू आला. झाडावरचा एकही नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद, की पहिल्यांदा मला त्यांची दयाच आली. मग तो मळकट बारका आला, बांडगुळावर बसला, उडाला. "तोच!" ते म्हणाले. मी म्हटलं, "हा मुका आहे. ह्याला मी एकवीस तारखेला पाहिला. शिंजीराची मादी." त्यांनी चोचीकडे बघायला सांगितलं, जाडसर आहे, आखूड आहे. सावलीत चोच दिसते का कुठे नीट? नाचता येईना अंगण वाकडं.

"डॉक्टर, एक विचारू? झाडं वाचावीत म्हणून बोलताय का हे?"

ते लालबुंद झाले. "खोटं बोलायला मी काय..." एवढं म्हणून थांबले. बूट पुसत बसले. मग अगदी हळू, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, राग मानू नका. एकदा कान दाखवून घ्या. माझ्या ओळखीच्या एक चांगल्या डॉक्टर आहेत."

चौतीस वर्षं. एकही चुकीचा नंबर जोडल्याची तक्रार नाही. आणि हा दात उपटणारा मला कान दाखवायला सांगतो!

मी म्हटलं, "त्या आधी माझी दाढ बघा, तुमच्याकडून भरून घेतली तेव्हापासून दुखतेय." हे खरं नव्हतं. दाढ चांगली भरलीय. घरी येईपर्यंत त्याचं वाईट वाटत राहिलं आणि मग वाईट वाटल्याचाही राग आला.

वहीत लिहिलं: फुलटोच्या, दावा एक, नोंद नाही.

३ एप्रिल

घरात सगळ्या वस्तूंनी संप केलाय. बेल दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन दुसऱ्यांदा आला. बटण दाबून म्हणतो, "चालूय की काकू." ह्यांनी त्याला बाहेर नेऊन काहीतरी पुटपुट केली आणि तो गप्प निघून गेला. हे हल्ली सगळ्यांशीच पुटपुटतात. माझ्याशी बोलतानाही शब्द अर्धे गिळतात. "तोंड उघडून बोला," म्हटलं की एकदम ओरडतात.

ह्यांच्या टेबलावरही मला बघवत नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. पूर्वी त्या खोलीत शिरलं की बारीक टिकटिक भरलेली असायची, मी म्हणायचे, तुमच्या खोलीत डोकं भणभणतं. आता वीस-बावीस मनगटी घड्याळं ओळीने मांडलेली आणि खोली अगदी गप्प. ह्यांचा हात गेला बहुतेक. लोक बिचारे भिडेखातर आणून देत असतील. मी विषय काढला नाही. ह्या वयात माणसाला त्याचं काम गेलं हे तोंडावर कसं सांगायचं?

६ एप्रिल

धाकट्या बहिणीचा फोन, पाऊण तास. तिची सून, तिचे गुडघे, तिच्या सुनेचे गुडघे. तिचा शब्दन् शब्द ऐकू आला, मागे तिच्या घरात कुणी भांडं ठेवलं तेही कळलं. मुद्दाम लिहून ठेवते. कान खराब असलेल्या बाईला फोनवर एवढं ऐकू येत नाही. डॉक्टरांना हे सांगायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही.

संध्याकाळी गटाची बैठक वाचनालयात. सात जण. डॉक्टरांनी फोटो आणला होता. पानं, पानं आणि पानांत एक करडा ठिपका. मी म्हटलं, "हा ठिपका चिमणीही असू शकतो." दोघे तिघे हसले. डॉक्टर नाही हसले. "मी तो रोज ऐकतो," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "आणखी कुणी ऐकलाय?" बाकीचे झाडीत येतात रविवारी नऊला, डबे घेऊन. ते काय ऐकणार! वाचनालयाची बाई म्हणाली, "ताई सांगतील ते. वही त्यांची आहे."

परत येताना वाटलं, कुणीतरी भांडायला हवं होतं.

१० एप्रिल

पत्र देऊन आले. "उत्तरेकडील चारही आंब्यांवर पक्ष्यांची घरटी आढळली नाहीत." खाली सही. दोनच ओळी, पण लिहायला सकाळ गेली.

इंजिनिअरसाहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली. "मॅडम, दुसरं कुणी असतं तर झाडं वाचवायला दहा घरटी लिहून आणली असती. तुम्ही खरं ते लिहिलंत. म्हणून तर तुमच्या वहीला किंमत आहे."

एरवी हे ऐकून आठवडाभर फुलून गेले असते. आज नुसती मान हलवली आणि उठले. बाहेर पडताना आंबे दिसले. झाडं आपली उभी. मला स्वतःचाच इतका राग आला की चहाला थांबले नाही. खरं लिहिलं तरी राग का यावा?

हे म्हणाले, "दिलंस पत्र?" मी हो म्हटलं. ते काहीतरी बोलले. मी "काय?" म्हटलं. "काही नाही," म्हणाले. हे मात्र नीट ऐकू आलं.

१४ एप्रिल



आंब्यांचा निरोप घ्यायला गेले होते. आणखी तीन दिवसांनी तोड. बुंध्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेत, एक ते चार. मोजणी करायची नाही, दुर्बीण पिशवीतून काढायची नाही, नुसतं जाऊन यायचं असं ठरवलं होतं. रखवालदार फाटक उघडत होता. उघडताना त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि खांदा कानाला लावला. "ह्याला तेल द्या म्हणून सांगून सांगून थकलो," म्हणाला. मी म्हटलं, "दिलंय की." तो म्हणाला, "कुठं हो? तीन वर्षं झाली, कुत्री पळतात आवाजानं."

तेव्हासुद्धा मला कळलं नाही. मला वाटलं, विचित्रच माणूस.

जुन्या टाकीला बाहेरून लोखंडी जिना आहे. सहज चढले, दहा-बारा पायऱ्या. तिथून दुसऱ्या आंब्याची फांदी हाताच्या अंतरावर येते. एकोणीस वर्षांत त्या जिन्यावर कधी चढले नव्हते, कारण खालूनच सगळं ऐकू यायचं. फांदीच्या टोकाला कोळिष्टकाचा गोळा लोंबत होता. खालून कितीदा बघितला होता मी तो, वाळकी पानं समजून. तो गोळा नव्हता. मऊ धाग्यांची विणलेली पिशवी होती, बाजूला भोक असलेली. आणि भोकातून तीन चोची बाहेर आल्या, आ वासून.

मग मुका आला. चार हातांवर बसला. आखूड, जाडसर, फिकट चोच. ऊन थेट तिच्यावर होतं. फुलटोच्या. शंकाच नाही.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि चोच उघडली. मिटली. उघडली. गळा थरथरत होता. पिल्लांच्याही चोची हलत होत्या. वारा नव्हता. पंपाची घरघर ऐकू येत होती, कोकीळ ऐकू येत होता, माझा स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तो तिथे चार हातांवर ओरड ओरड ओरडत होता, आणि काही नाही.

मी जिन्यावरच बसले. किती वेळ ते माहीत नाही.

घरी आले ती थेट ह्यांच्या टेबलाशी. वीस-बावीस घड्याळं. वाकून बघितलं. सगळ्यांचे सेकंदकाटे चालू होते. एकूण एक.

"ही कधीपासून चालतायत?" मी विचारलं.

ह्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. "म्हणजे? चालायलाच लावलीत. ती कडेची दोन सोडून, ती आज आलीत."

त्यांनी एक लेडीज घड्याळ उचललं आणि माझ्या कानाला लावलं. मग दुसऱ्या कानाला. मी मान हलवली. त्यांनी ते खाली ठेवलं, काटा पुढे पुढे जात होता.

१५ एप्रिल

भांडण झालं. दोन वर्षांपासून ह्यांना माहीत आहे! कपडे धुवायचं यंत्र वाजलं की हे उठून बंद करायचे, बेल वाजली की हे दार उघडायचे, इलेक्ट्रिशियनला बाहेर नेऊन सांगितलं, "बेल ठीक आहे, तू हो म्हण आणि जा."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं ना मी. तीनदा." हे जोरात बोलत होते, चेहरा माझ्याकडे करून. "तू म्हणालीस, पुटपुटू नका."

"मग चौथ्यांदा सांगायचं!"

"अगं, पहाटे उठून पाखरं ऐकायला जातेस. आल्यावर तासभर कोण काय बोललं ते मला सांगतेस. ते कसं काढून घ्यायचं मी?"

"ते काढून घ्यायचं नाही म्हणून चार झाडं गेली तरी चालतील?"

ते उठून घड्याळांच्या टेबलाशी गेले. हे मी बोलायला नको होतं. पत्रावर सही माझी आहे, त्यांची नाही.

दुपारभर जुन्या वह्या काढून बसले. आधी फुलटोच्या गेला. मग चष्मेवाला. मग शिंजीर. सर्वांत बारीक आवाजाचा सर्वांत आधी, आणि मग ओळीने खाली. दयाळाचं गाणं अर्धवट नाही, वरचे सूर मला ऐकू येत नाहीत. फवारणी कुणी केलीच नाही. कुणीही कुठे गेलं नव्हतं. आणि फोन! तारेतून बारीक आवाज जातच नाहीत, वरचे सगळे कापले जातात, हे आम्हाला टेलिफोन ऑफिसात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मीच नव्या मुलींना शिकवायचे. म्हणून तर फोनवर मला सगळं ऐकू येतं.

अंगण सरळच होतं.

१६ एप्रिल

सकाळी साडेनऊला इंजिनिअरसाहेबांच्या दाराशी. ते पावणेअकराला आले.

मी उभ्यानेच सांगितलं, "माझं पत्र चुकीचं आहे. दुसऱ्या आंब्यावर घरटं आहे, तीन पिल्लं आहेत. काल संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहिलं."

त्यांनी डोक्याला हात लावला. "मॅडम, तोड उद्यावर आलीय. माणसं ठरलीत, करवतीवाले ठरलेत. आणि सहा दिवसांत घरटं आलं कुठून?"

"आलं नाही, होतंच. मला ऐकू आलं नाही."

"म्हणजे?"

आता हे वाक्य मी घरून पाठ करून गेले होते, तरी म्हणताना अडखळले. "बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. तीन-चार वर्षं झाली. मला काल... परवा कळलं."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. वाईट वाटून नव्हे, हिशेब बसवल्यासारखे. "मग तुमच्या वहीतलं मागचं?"

"बारीक आवाजाचे पक्षी गेले म्हणून लिहिलंय ते सगळं चूक. बाकीचं बरोबर आहे."

"आणि त्या फवारणीच्या तक्रारी? आमच्या माणसाला त्यावरून दोनदा वर बोलावलं होतं, मॅडम."

हे मला माहीत नव्हतं. जमीन दुभंगावी असं वाटतं म्हणतात ते काय, ते कळलं. "त्याही चूक," मी म्हटलं. "त्या माणसाला मी भेटेन."

"हे सगळं लिहून द्याल? नुसत्या तोंडी बोलण्यावर मला काम थांबवता यायचं नाही. वर विचारतील, दहा तारखेचं खरं की सोळाचं? तुमचीच सही दोन्हीकडे."

त्यांनी कागद दिला. मी लिहिलं: "दहा एप्रिलचे माझे पत्र रद्द समजावे. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. त्यामुळे माझी त्या पक्ष्यांबाबतची गेल्या चार वर्षांतील नोंद विश्वासार्ह नाही. दुसऱ्या आंब्यावर फुलटोच्याचे पिल्लांसह घरटे आहे. ही बाब गटाचे दुसरे सदस्य, दंतवैद्य, यांनी तेवीस मार्च रोजीच मला सांगितली होती व मी ती नाकारली." सही केली.

एकोणीस वर्षांत लिहिलेलं हे सर्वांत खरं पान, आणि ते लिहून झाल्यावर वहीला किंमत उरली नाही. मला रडू आलं नाही, चीड आली. कुणावर ते ठरवता आलं नाही.

साहेबांनी फोन लावला. करवतीवाले थांबले, चारही आंब्यांसाठी, पिल्लं उडेपर्यंत. "टाकी सरकवायचं बघू," म्हणाले. पुढच्या नोंदी कुणाच्या सहीने पाठवणार, तेही विचारलं.

१८ एप्रिल

वही घेऊन दवाखान्यात गेले. बाहेर चार जण गाल धरून बसलेले. मी रांगेत बसले. नंबर आला तशी डॉक्टरांनी खुर्चीकडे हात केला. "दाढ का, ताई?"

"दाढ उत्तम आहे. तेव्हाही उत्तमच होती." मी वही पुढे केली. "आजपासून तुम्ही."

त्यांनी हातमोजे काढले, वही घेतली नाही. "ताई, वही तुमच्याकडेच राहू दे. मी ऐकत जाईन, तुम्ही लिहा."

"नियम काय आहे? दोन माणसं, त्यातला एक वही ठेवणारा. वही ठेवणाऱ्याला ऐकू यायला हवं."

"नियम तुम्हीच केलाय ना? मग बदला."

"मी केलाय म्हणूनच बदलता येत नाही."

खरं तर आणखी एक गोष्ट म्हणायची होती, ती चार वेळा ओठावर आली. शेवटी म्हटलं, "तुम्ही खोटं बोलत नव्हतात." त्यांनी "हं" केलं. मग वही घेतली, दोन्ही हातांनी. कानाच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. पांढरे बूट घालून झाडीत येऊ नका, पक्षी बुजतात, हे मात्र मी सांगितलंच.

२२ एप्रिल

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कपाटाएवढ्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. निम्म्या आल्याच नाहीत. यंत्र बसेल, पण फुलटोच्या मिळेलच असं नाही, म्हणाल्या. बाई सरळ आहेत, आवडल्या.

आज सकाळी हे म्हणाले, मी येतो झाडीत. इतक्या वर्षांत एकदाही आले नाहीत. कावळा सोडून ह्यांना एक पक्षी ओळखता येत नाही, आणि कावळ्याचीही खात्री नाही. पण घड्याळवाल्याचे कान. मी म्हटलं, चला.

जिन्यावर बसलो, मी वरच्या पायरीवर, हे खालच्या. ठरलं असं, की बारीक आवाज आला की ह्यांनी माझं मनगट दाबायचं. बोलायचं नाही, पक्षी उडतात. सुरुवातीला नुसता छळ. ह्यांनी दाबलं, मी दुर्बीण फिरवली, काही नाही. पुन्हा दाबलं, तर खालून एक सायकलवाला ब्रेक लावत जात होता. तिसऱ्यांदा रखवालदाराचं फाटक. "अहो, पक्षी!" मी म्हटलं. "मला काय माहीत कोण पक्षी न् कोण फाटक," हे म्हणाले. "तू म्हणालीस बारीक आवाज." मला इतका वैताग आला की उठून जावंसं वाटलं. एकोणीस वर्षांच्या कामाची जागा एका बोटाने भरायची म्हणजे काय!

मग फांदी हलली. फुलटोच्या पिशवीपाशी आला. चोच उघडली, आणि माझं मनगट दाबलं गेलं. मिटली, बोट सुटलं. उघडली, दाबलं. उघडली, उघडली, उघडली, तीन वेळा, लागोपाठ. ह्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच, ते खाली बघत होते, डोळे मिटल्यासारखे.

पिल्लं आता भोकात मावत नाहीत. दोन दिवसांत उडतील. आंब्यांचं काय ते साहेबांनी अजून कळवलेलं नाही. परवा पुन्हा जाऊन बसणार आहे त्यांच्या दाराशी.

गटाची वही डॉक्टरांकडे. ही माझी नोंद, माझ्यापुरती.

फुलटोच्या, एक, घरटं, पिल्लं तीन. दुसरा आंबा, सकाळी पावणेसात. पाहिला: मी. ऐकला: ह्यांनी.